कुत्रा शेजाऱ्याचा, खर्च कुणाचा?

वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये एका रहिवाशाला शेजाऱ्याचा हस्की कुत्रा चावला. त्याच्याबरोबर दीड वर्षाचं मूल होतं. मूल कुत्र्याला घाबरतं, जरा थांबा, असं त्याने सांगितलंही होतं. तरी कुत्र्याला लिफ्टमध्ये ओढून आणलं गेलं. मे २०२५ मध्ये दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी आणि चार हजार रुपये दंड सुनावला. त्याआधी २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने एका रॉटवायलरच्या मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली होती. तो चावा होता २०१०चा.

अशा बातम्या वाचल्या की इमारतीत कुत्रा पाळणारे धसकतात आणि न पाळणाऱ्यांना बरं वाटतं. पण ज्याच्या पोटरीचा लचका गेला त्याचा प्रश्न वेगळाच असतो: इंजेक्शनं, ड्रेसिंग, बुडालेला पगार, हे पैसे कोण देणार? फौजदारी खटल्यातला दंड सरकारजमा होतो. त्यातून किंवा त्याशिवाय जखमीला भरपाई द्या, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये ती सोय आहे. पण ती वापरा असं कुणीतरी न्यायालयाला सांगावं लागतं, आणि तेही मालक दोषी ठरल्यावर. म्हणजे वरच्या दोन खटल्यांच्या वेगाने बघितलं तर सात वर्षांनी किंवा तेरा वर्षांनी. आपल्याकडे कुत्रा चावल्याबद्दल मालक तुरुंगात जाऊ शकतो, पण दवाखान्याचं बिल त्याच्याकडून वसूल करायचं तर सगळी जुळवाजुळव जखमीलाच करावी लागते. ती जमते की फसते हे बहुतेक वेळा पहिल्या दहा दिवसांतच ठरतं.

रिक्षाने धडक दिली असती तर गोष्ट सोपी होती. मोटार वाहन कायदा आहे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, सक्तीचा विमा आहे आणि भरपाईचं गणित मांडायची ठरलेली रीत आहे. कुत्र्यासाठी यातलं काहीच नाही. पाळीव कुत्रा चावल्यास मालकाने अमुक रक्कम द्यावी असा स्वतंत्र कायदा भारतात झालेला नाही. मग उरतो तो इंग्रजांच्या काळापासून न्यायालयांनी निकालांतून घडवत आणलेला अपकृत्याचा कायदा. तुमच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याला इजा झाली तर ती भरून द्या, एवढा त्याचा गाभा.

कुत्र्यांच्या बाबतीत या कायद्याची जुनी इंग्रजी परंपरा मोठी मजेशीर आहे. वाघ-सिंह पाळणाऱ्याला कुठलीही सबब चालत नसे. कुत्रा मात्र मुळात माणसाळलेला, म्हणून तो अंगावर येणारा आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं, असं जखमीला सिद्ध करावं लागे. थोडक्यात, पहिला चावा माफ. मेंढपाळांना हे परवडेना, तेव्हा ब्रिटिश संसदेने १८६५ मध्ये मेंढ्या-गुरांपुरती ही अट काढून टाकली. माणसांसाठी ती तशीच राहिली. मेंढीला मिळालेला न्याय माणसाला मिळाला नाही!

आपल्याकडे वकील आजही या ‘ठाऊक होतं का’ भोवतीच उलटतपासणी गुंफतात. पण भारतीय दाव्यात निष्काळजीपणाचा मुद्दाही तितकाच जोरकसपणे मांडता येतो. पट्टा होता का, तो कुणाच्या हातात होता, दार उघडं कुणी ठेवलं, मोठ्या कुत्र्याला आठ-दहा वर्षांच्या मुलाबरोबर खाली पाठवलं होतं का. वरळीच्या घटनेत ‘जरा थांबा’ असं सांगितल्यावरही कुत्र्याला आत आणणं, ही मालकाच्या विरोधात जाणारी ठळक गोष्ट होती. ‘अहो, तो काही करत नाही, फक्त वास घेतो,’ हे वाक्य ज्यांनी जिन्यात ऐकलंय त्यांनी ते कधी आणि कुणासमोर ऐकलं हे लिहून ठेवावं. कुत्रा अंगावर जातो याची चर्चा आधीपासून होती, असं त्यातून दाखवता येतं.

‘कुत्र्यापासून सावध रहा’ या पाटीचंही तसंच. पाटी लावली की आपली जबाबदारी संपली असं मालकांना वाटतं. पाटीचा उपयोग होतो, पण तो रात्री कुंपणावरून उडी मारून येणाऱ्याविरुद्ध. दूधवाला, कुरिअरवाला, वर्गणी मागायला आलेली मुलं हे सगळे रीतसर दारात येणारे लोक. त्यांच्या बाबतीत तीच पाटी मालकाच्या अंगलट येऊ शकते, कारण कुत्रा धोकादायक आहे हे तुम्हाला माहीत होतं याची कबुलीच तुम्ही फाटकावर टांगलेली असते.

आता त्या पहिल्या दहा दिवसांकडे वळू. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरचीपूड यांतलं काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्रा पाळीव आहे, त्याला लस दिली आहे, असं शेजारी कितीही छातीठोकपणे सांगू दे, डॉक्टरांनी सांगितलेली लस पुढे ढकलायची नाही. रेबीज झाल्यावर त्यावर इलाज नाही. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखम तिसऱ्या श्रेणीत मोडते आणि लशीबरोबरच जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. सरकारी दवाखान्यांत लस बहुधा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी कातडीत दिली जाते.

हे झालं वैद्यकीय. पण याच वेळी तुमचा सगळ्यात भक्कम पुरावाही तयार होत असतो, तो म्हणजे केसपेपर. गडबडीत डॉक्टर नुसतं ‘डॉग बाइट’ लिहून मोकळे होतात. चावणारा कुत्रा पाळीव आहे, शेजारच्या अमुक घरातला आहे, घटना किती वाजता आणि कुठे झाली, जखमेची लांबी-खोली किती, श्रेणी कोणती, हे सगळं त्यात नोंदवायला सांगावं. वैद्यकीय-कायदेशीर नोंद करा, असंही म्हणावं. मग दवाखान्यातून पोलिसांना आपोआप कळवलं जातं. दोन वर्षांनी शेजारी जेव्हा ‘कशावरून आमचाच कुत्रा? खाली भटके काय कमी आहेत?’ असं विचारतो, तेव्हा घटनेनंतर तासाभरात लिहिलेल्या या दोन ओळी साक्षीदारापेक्षा जास्त वजनदार ठरतात. जखमेचे फोटो टाके घालण्याआधीचे हवेत, बाजूला मोजपट्टी धरून काढलेले, आणि पुढे दर आठवड्याला एकेक.

शिवाय चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. तो धडधाकट राहिला तर पुढचे डोस ठरवताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं तोडून चालत नाही. व्हॉट्सअॅपवर साधा निरोप पाठवावा: काल संध्याकाळी जिन्यात तुमचा कुत्रा मला चावला, डॉक्टरांनी लसीकरणाचं कार्ड मागितलंय, कृपया फोटो पाठवा आणि दहा दिवस कुत्रा कसा आहे ते कळवत राहा. या निरोपात भांडण नाही, पैशाची मागणी नाही. त्याला आलेलं उत्तर, मग ते ‘सॉरी हो काकू, हा घ्या फोटो’ एवढंच का असेना, कुत्रा कुणाचा हा वाद तिथेच मिटवून टाकतं.

सोसायटीचे कॅमेरे असतील तर सेक्रेटरींना त्याच दिवशी लेखी पत्र द्यावं आणि पोच घ्यावी, कारण जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. ते न्यायालयात दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही लागतं. सेक्रेटरींकडून एवढंच मिळवायचं. सोसायटी भरपाई ठरवू शकत नाही. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकारही तिला नाही. सर्वसाधारण सभेत तासभर आरडाओरडा होतो, चहा होतो, आणि जखमीच्या हाती काहीच पडत नाही.

पोलिस ठाण्यात बहुतेकांची गाडी ‘एनसी’वर अडते. अंमलदार अदखलपात्र नोंद करून घेतो आणि ‘आपसात मिटवा’ असा सल्ला देतो. त्याला सांगायचं ते असं: भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २८९, दखलपात्र आहे. ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना पुरेशी काळजी न घेणं, हा तो गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंडाची मर्यादा फक्त हजार रुपये होती. प्रत्येक ओरखडा या कलमात बसत नाही. पामेरियन पिल्लाने खेळताना दात लावला म्हणून गुन्हा नोंदवायला गेलात तर अंमलदार हसेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही.

दुखापत मोठी असेल तर कलम १२५ पाहावं. निष्काळजी कृत्यामुळे गंभीर दुखापत झाली तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गंभीर म्हणजे काय याची कायद्यात यादी आहे. हाड मोडणं आणि चेहरा कायमचा विद्रूप होणं त्यात आहेच, शिवाय पंधरा दिवस तीव्र वेदना असणं किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणं हेही आहे. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या विश्रांतीच्या दाखल्यावर बारा दिवस लिहिलेत की सोळा, याला महत्त्व आहे. अर्थात खोटा दाखला घेऊ नये. एक कागद खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या कागदांकडेही न्यायाधीश संशयाने बघतात.

गुन्हा नोंदवल्याने पैसे मिळत नाहीत, पण बोलणी गंभीर होतात. आणखी एक गोष्ट. कलम २९१ आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. दोघांचा समेट झाला तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे जखमीची संमती लागते. मालकाच्या वकिलाला हे पक्कं ठाऊक असतं.

आता हिशेब. पोळ्यांची कामं करणाऱ्या एखाद्या बाईंना कामाच्या घराच्या जिन्यात कुत्रा चावला असं धरू. उजव्या हाताला टाके, तीन आठवडे काम बंद. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळाली म्हणून ‘तुमचा खर्च काय झाला?’ असं मालक विचारणार. खर्च झालेला असतो. ड्रेसिंगला जायची-यायची रिक्षा, बाहेरून आणलेली औषधं, चार घरांचा बुडालेला पगार, त्यातल्या एका घराने तेवढ्यात लावलेली दुसरी बाई. पगाराची स्लिप त्यांच्याकडे नसते, पण कामाच्या घरांनी सहीनिशी लिहून दिलेली चिठ्ठी पुरावा म्हणून चालते. पुढे वेदना आणि मानसिक त्रास आला, राहिलेला व्रण आला, तो घालवायला लागणाऱ्या शस्त्रक्रियेचा अंदाज आला. यांची पावती नसते. इथे न्यायालयं मोटार अपघाताच्या दाव्यांत रुळलेली मोजमापं वापरू शकतात, आणि नोटीस लिहिणाऱ्यानेही तीच भाषा वापरावी.

या संदर्भात पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२३च्या निकालाचा दाखला हल्ली वारंवार दिला जातो. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघालं असेल तर दर ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान वीस हजार, असा दर तिथे ठरला. ऐकायला खाटकाच्या तराजूसारखं वाटतं, पण निदान काहीतरी माप हाती आलं. मात्र तो निकाल मुख्यतः भटक्या आणि मोकाट जनावरांबद्दल आहे, पैसे द्यायची पहिली जबाबदारी त्यात सरकारवर टाकलेली आहे, आणि महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. शेजाऱ्याला पाठवायच्या नोटिशीत आकड्याला आधार म्हणून तो द्यावा, हक्क म्हणून नव्हे.

ग्राहक मंचाचा रस्ताही बरेच जण सुचवतात. त्यामागे गुरुग्रामचं प्रकरण आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे घरकाम करणाऱ्या एका महिलेवर पाळीव डोगो अर्जेंटिनो कुत्र्याने हल्ला केला आणि नोव्हेंबरमध्ये जिल्हा ग्राहक मंचाने तिला दोन लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला सांगितली. पण आदेश होता महापालिकेला. पालिकेने ती रक्कम हवी तर मालकाकडून वसूल करावी, असं त्यात म्हटलं होतं. शेजारी तुम्हाला कुठलीच सेवा विकत नाही, त्यामुळे एकट्या शेजाऱ्याविरुद्ध ग्राहक मंचात जाणं म्हणजे चुकीच्या खिडकीवर रांग लावणं.

बरोबर खिडकी दिवाणी न्यायालयाची. मुदत साधारणपणे तीन वर्षं. जखमी अल्पवयीन असेल तर ती वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मोजली जाते. तिथे कोर्ट फी लागते, तारखा पडतात, आणि पन्नास-साठ हजारांच्या मागणीसाठी हे करायला वकीलही फारसे उत्सुक नसतात. म्हणून मला विचाराल तर मधला मार्ग जास्त कामाचा आहे: जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज. बहुधा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. साध्या अर्जावर ते शेजाऱ्याला बोलावतात, लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ मिळतं आणि तिच्यावर अपील नाही. कोर्ट फी नाही. स्त्रिया आणि मुलांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ त्यासाठीच आहे. शेजारी आलाच नाही तर मात्र प्राधिकरण त्याला ओढून आणू शकत नाही.

त्याआधी नोटीस द्यावी. वकिलामार्फत असल्यास बरं, पण स्वतः लिहून पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलेलं पत्रही चालतं. तारीख, वेळ, जागा, काय झालं, जखम, उपचार, खर्चाचा तक्ता, एकूण मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत. ‘तुमचा कुत्रा आणि तुम्ही दोघेही उन्मत्त आहात’ छापाची वाक्यं काढून टाकावीत.

बरेचदा गोष्ट इथवर येतच नाही. शेजारी तिसऱ्या दिवशी मिठाईचा पुडा आणि पाच हजारांचं पाकीट घेऊन येतो, आणि जाताना म्हणतो, ‘वहिनी, एवढ्या कागदावर जरा सही करता?’ कागदावर असतं: माझी काही तक्रार नाही, यापुढे कोणतीही मागणी करणार नाही. पैसे घ्यायला हरकत नाही, संबंधही टिकवावेत. पण लिहायचं ते ‘उपचारखर्चापोटी पाच हजार रुपये मिळाले, उर्वरित हिशेब उपचार पूर्ण झाल्यावर’ असं. जखम चिघळेल का, व्रण किती राहील, हे तिसऱ्या दिवशी डॉक्टरही सांगू शकत नाहीत. अंतिम तडजोडीवर सही करायची ती शेवटचा डोस आणि शेवटचं ड्रेसिंग झाल्यावर.

मागणी नेमकी कुणाकडे करायची? कायद्यात ‘मालक’ शब्दापेक्षा ‘ताबा’ महत्त्वाचा. कुत्रा भाडेकरूचा असेल तर घरमालक सहसा सुटतो. कुत्र्याला फिरवायला ठेवलेल्या मुलाच्या हातून पट्टा सुटला तर भरपाईसाठी त्या गरीब पोरामागे न लागता त्याला कामावर ठेवणाऱ्याला धरायचं. महापालिकेच्या दप्तरी कुत्र्याची नोंद असेल तर मालक कोण हे तिथेच कळतं. परवाना घेतलेलाच नसेल तर तेवढ्यावरून भरपाई मिळत नाही, पण काळजी न घेणारा माणूस हे चित्र आणखी गडद होतं.

सगळ्यात अवघड प्रश्न आहे तो शेजारच्या काकू रोज दूध-पोळी घालतात त्या फाटकाजवळच्या कुत्र्याचा. तो त्यांचा का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटलं होतं की खाऊ घालायचं तर दत्तक घ्या आणि पालिकेत नोंद करा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशातल्या कडक भागाला स्थगिती दिली. नुसतं खाऊ घातल्याने मालकी येत नाही, असंच सध्या धरून चालावं. पण त्याच कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असेल, तो रात्री त्यांच्या ओट्यावर बांधला जात असेल आणि पशुवैद्याच्या कार्डावर त्यांचं नाव असेल, तर ‘भटका आहे हो तो’ हे म्हणणं टिकणं कठीण.

मालकाच्या बाजूनेही काही बचाव असतात आणि ते खरे असू शकतात. कुत्र्याला दगड मारला, त्याच्या ताटलीत हात घातला, पिल्लांजवळ गेला, परवानगीशिवाय आवारात शिरला. हे सिद्ध झालं तर रक्कम कमी होते, कधी दावाच पडतो. मात्र पाच वर्षांच्या मुलाने शेपूट ओढली तर त्याला मोठ्या माणसाची समज होती असं न्यायालय धरत नाही. जातीचा मुद्दाही मालक पुढे करतात: आमचा लॅब्राडोर आहे, बंदी घातलेल्या जातीतला नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींविरुद्ध काढलेलं परिपत्रक पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. तसंही दिवाणी दाव्यात कुत्रा कुठल्या जातीचा यापेक्षा त्या दिवशी तो कुणाच्या आणि कसा ताब्यात होता, हेच तपासलं जातं.

जर्मनीत पाळीव कुत्र्याने केलेल्या इजेची जबाबदारी थेट मालकावर येते, त्याची चूक असो वा नसो. आणि बर्लिन, हॅम्बुर्गसारख्या राज्यांत कुत्र्याचा दायित्व विमा सक्तीचा आहे. तिथे चावा बसला की शेजारी एकमेकांना विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक देतात. आपल्याकडेही पाळीव प्राण्यांच्या काही विमा पॉलिसींमध्ये तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचं कलम घेता येतं. कुत्रा पाळणाऱ्या शेजाऱ्याला ते माहीत नसण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा बोलणी सुरू करताना पॉलिसी आहे का, असली तर त्यात हे कलम आहे का, एवढं आधी विचारून घ्यावं. पैसे कंपनीच्या खिशातून जाणार असतील तर शेजारी चूक कबूल करायला बराच लवकर तयार होतो. फक्त त्याने दावा कळवायची मुदत चुकवू नये, आणि कंपनीला न विचारता तुम्हाला काही लिहून देऊ नये, हेही त्याला आठवणीने सांगावं.